विषय : आमच्या अप्पांकडून शासनाने घेतलेल्या चाळीस हजारांच्या उसनवारीबाबत

प्रति,
माननीय सचिव,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, सामाजिक न्याय विभाग आणि आदिवासी विकास विभाग,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, महोदया,

चार खात्यांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. शिष्यवृत्तीचे आणि फीमाफीचे अर्ज भरायचे महाडीबीटीचे पोर्टल एकच आहे, पण आमचा अर्ज नेमका कोणत्या खात्याच्या कोणत्या टेबलावर पडून आहे ते आम्हाला बाहेरून दिसत नाही. तेव्हा ज्याचे असेल त्याने उचलून घ्यावे.

मी पारोळा तालुक्यातली. बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस, बांधाने तूर आणि खाण्यापुरती ज्वारी. प्रवर्ग ओबीसी, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा. तुमच्या योजनेत आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. ती ओळ मी घरी वाचून दाखवली तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मर्यादेला हात लागला असता तर फॉर्म कशाला भरला असता?"

योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही, हे आधी सांगून टाकते. पहिल्या वर्षी आम्हा ओबीसी मुलींना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत होती. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. नव्याने प्रवेश घेणाऱ्या आणि आधीपासून शिकत असलेल्या, दोघींनाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन घरांनी मुलींच्या स्थळांची बोलणी पुढच्या वर्षावर ढकलली. मी डोळ्यांनी पाहिले आहे. या निर्णयाचे श्रेय घेणारे फलक आमच्या स्टँडवर लागले, तेही मी पाहिले आणि मला त्यात काही गैर वाटले नाही.

मग मी दुसऱ्या वर्षाची फी विचारायला कॉलेजच्या खिडकीवर गेले.

खिडकीतून उत्तर आले, "मोफतच आहे, पण शासनाकडून पैसे आले की. तोवर निम्मे तरी भरून ठेवा. आले की परत देऊ." निम्मे म्हणजे चाळीस हजार. 'शिष्यवृत्ती मंजूर न झाल्यास संपूर्ण शुल्क भरण्याची जबाबदारी माझी राहील' असे हमीपत्र अप्पांच्या सहीने घेतले. ऑगस्ट-सप्टेंबर कसेबसे निभावले. ऑक्टोबरमध्ये सेमिस्टरचा परीक्षा अर्ज आला आणि त्याच्यासोबत 'नो ड्यूज', म्हणजे फी बाकी नसल्याचा दाखला, आला. खिडकीवरचा माणूस ओरडला नाही, अपमान केला नाही. त्याने फक्त माझा अर्ज गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवला.

आता कापसाचे ऐका, कारण शिष्यवृत्तीची खरी गोष्ट तिथे आहे.

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे पहिली वेचणी होते. त्या वेळचा कापूस ओलसर असतो आणि शहाणा शेतकरी तो विकत नाही. वाळवतो, पुढच्या खोलीत रचतो, भाव बघतो. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. पण सरकारी खरेदीला सातबारा लागतो, त्यावर कापसाचा पेरा नोंदलेला लागतो, गाडी करून केंद्रावर न्यावा लागतो, आणि पैसे काही दिवसांनी खात्यात येतात. परीक्षा अर्जाला मात्र चार दिवस उरले होते. गावात खेडा खरेदीचा व्यापारी काटा घेऊन आलाच होता. त्याला घरातली निकड वासाने कळते. ६,७०० रुपयांनी सहा क्विंटल दिला. चाळीस हजार दोनशे आले. चाळीस हजार खिडकीवर गेले, आणि दोनशेचे मी परतताना स्टँडवर शेव आणि जिलेबी घेतली, कारण दिवाळी होती.

हमीभावाशी फरक काढला तर क्विंटलमागे ८२१, म्हणजे सहा क्विंटलचे ४,९२६ रुपये. ओल्या मालाला कपात बसलीच असती, गाडीभाडे गेलेच असते, म्हणून पुरते ४,९२६ बुडाले असे मी म्हणत नाही. तीन हजार धरा. जिला शासनाने फी माफ केली, तिच्या बापाला त्या माफीसाठी पदरचे तीन हजार बसले आणि चाळीस हजार बिनव्याजी अडकून पडले.

याला आमच्याकडे उसनवारी म्हणतात. शासनाला कॉलेजला पैसे द्यायचे होते, वेळेवर नव्हते, म्हणून ते माझ्या अप्पांनी दिले. हे उसने घेतले आहे एवढे तरी तुम्ही मान्य करावे, यासाठी हे पत्र.

परतफेडीची हकीगत थोडक्यात सांगते, कारण ती लांबवली तरी तशीच राहते. अर्ज सप्टेंबरमध्ये भरला होता. डिसेंबरपर्यंत तो कॉलेजच्या लॉगिनमध्येच होता. जानेवारीत 'अर्जदाराकडे परत' असा शेरा आला. कारण: 'कागदपत्र अस्पष्ट'. अर्जासोबत नऊ कागद जोडले होते. नऊपैकी कोणता अस्पष्ट, ते लिहिलेले नव्हते. पोर्टलवर कागद २५६ केबीच्या आत बसवावा लागतो. नेटवाला तो दाबून दाबून बसवतो आणि मग तुमच्याकडचे कोणीतरी त्याला अस्पष्ट म्हणते. मी नऊच्या नऊ कागद पुन्हा स्कॅन केले. नेटवाल्याने पुन्हा दीडशे घेतले, वर म्हणाला, "ताई, जात प्रमाणपत्राचा शिक्काच मुळात पुसट आहे, मी काय करू?" मेमध्ये पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात आला. मी आनंदाने खिडकीवर गेले. तिथे कळले की पैसे हातात परत मिळत नाहीत, तिसऱ्या वर्षाच्या फीत वळते होतात.

म्हणजे उसने परत आलेच नाही, पुढच्या वर्षावर फिरले. सावकाराच्या वहीत याला जुने-नवे करणे म्हणतात.

या सात-आठ महिन्यांत आई दर शनिवारी फोनवर एकच विचारायची, "पैसा कव्हय येतीन वं?" मी पोर्टल उघडून बघायचे. इंग्रजीत 'छाननी सुरू आहे' अशा अर्थाचे दोन शब्द. आईला मी सांगायचे, "चाळताहेत." तिला वाटायचे पीठ चाळल्यासारखे काही असेल, तासाभरात होईल.

मी गावी एसटीनेच जाते-येते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ते कसे मिळते ते तुम्ही एकदा उभे राहून पाहा. कंडक्टर अर्धे पैसे घेतो आणि तिकीट फाडतो. "आधी पूर्ण भाडे द्या, शासनाकडून आले की पुढच्या उन्हाळ्यात निम्मे परत देतो," असे तो म्हणत नाही. हमीपत्र घेत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीला ओटीपी विचारत नाही. उरलेल्या निम्म्या भाड्याचा हिशेब शासन आणि महामंडळ आपसात करतात. तो वेळेवर होत नाही अशी महामंडळाचीही ओरड असते म्हणे, पण ती ओरड महामंडळ करते, म्हातारी करत नाही. थकबाकी ज्याला झेपेल त्याच्या अंगावर ठेवली आहे. शिष्यवृत्तीत ती नेमकी उलटी, सगळ्यात खालच्या पायरीवर आणून ठेवली आहे. दोन्ही योजना एकाच राज्याच्या, तरी एका योजनेत सवलत आधी मिळते आणि दुसरीत आधी पैसे आणि मागून सवलत, हे कोणी ठरवले?

कॉलेजची बाजूही मांडते, कारण उद्या मला तिथेच जायचे आहे. विनाअनुदानित कॉलेजचा पगार फीवर चालतो. निम्म्याहून जास्त मुलांची फी शासनाकडून यायची आणि ती वर्ष उलटून यायची, तर प्राध्यापकांचे पगार कशातून करणार? आमच्या सरांचेच तीन महिन्यांचे थकले होते, ते प्रयोगशाळेत टॅब्लेटच्या साच्याकडे बघत एकदा बोलून गेले. कॉलेजचे चुकते ते एवढेच की त्यांनी आपली नड आमच्या परीक्षा अर्जाला बांधली.

आणि कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसणारे आमचे कारकून भाऊ. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांना त्रास होईल. साडेतीनशे-चारशे अर्ज आणि माणूस एक. प्रवर्गागणिक योजना वेगळी, योजनेगणिक नियम वेगळा. दिवसा सर्व्हर फिरत राहतो, म्हणून ते रात्री अकरानंतर घरून अर्ज पुढे ढकलतात. मुदत संपायच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही. आणि मग मुदतवाढ येते, शेवटच्या दिवशी संध्याकाळी. मुदतवाढ मिळाली की आम्ही खूश होतो, पण अर्जाची तारीख महिन्याने पुढे गेली की पैसेही महिन्याने पुढे जातात, हे खूश होताना कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

माझी खोलीतली मैत्रीण धडगावकडची, सातपुड्याच्या वरच्या अंगाची. तिची गोष्ट माझ्यापेक्षा अवघड आहे. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात आणि होळीला परततात. होळी म्हणजे त्यांच्यासाठी काय असते ते काठी गावची होळी पाहिलेल्याला सांगायला नको. तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर तिच्या वडिलांचा. तिने फॉर्म उघडला की ओटीपी बारडोलीच्या फडात जातो. वडील कोयता खाली ठेवून फोन काढतात, त्यांना आकडे वाचता येतात पण इंग्रजी संदेशातला कोणता आकडा सांगायचा ते कळत नाही. ते आधी बँकेचा जुना आकडा सांगतात, मग दुसरा, तोवर ओटीपी शिळा झालेला असतो. एका रविवारी त्या बापलेकींनी अकरा वेळा हे केले. बाराव्या वेळी मुकादम ओरडला म्हणून फोन ठेवला. नंबर बदलून घे, असे तिला सगळेच सांगतात. तिनेही ते केले. त्यासाठी आधार केंद्रावर दोन दिवस गेले आणि दोन्ही दिवस तिची सेशनल परीक्षा होती.

वर्गातली आणखी एक, अनुसूचित जातीची. तिच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. आता ही रक्कम थेट मुलीच्या खात्यात येते, दोन वेगळ्या वेळी, आणि खात्यात आल्यापासून सात दिवसांत कॉलेजची फी भरायची असा नियम आहे. सात दिवस! तिला सात दिवसांची मुदत घालून देणाऱ्याने स्वतःला किती दिवसांची घातली आहे? तिचे तर पैसे आले तेही तिला कळले नाही. गावात कुठल्याशा शिबिरात पोस्टाच्या पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले होते, आधार त्याला जोडले गेले, आणि ज्या खात्याला आधार शेवटी जोडले त्यात रक्कम जाते. ती स्टेट बँकेचे पासबुक दर आठवड्याला भरून आणत होती.

१९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, दलित मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तेव्हा ना संगणक होते ना आधार. पैसे हळू पोचत असतील तर समजू शकते. आमचे अप्पा ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, सवलतीवर बारावीपर्यंत शिकले. ते सांगतात, एका पानाचा फॉर्म असायचा, तलाठ्याची सही घ्यायची आणि शाळेत द्यायचा, पुढे काय झाले ते त्यांना कधी कळलेच नाही, कारण कळायची गरज पडली नाही. मला मात्र अर्जाचा आयडी, कॅप प्रवेशाचा आयडी आणि पोर्टलचा पासवर्ड तिन्ही तोंडपाठ आहेत.

तक्रार का केली नाहीस, असे तुम्ही विचाराल. पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, मी केली होती. उत्तर आले की संस्थेशी संपर्क साधावा. संस्थेविरुद्धच्या तक्रारीचे उत्तर संस्थेशी संपर्क साधणे! आमचे सेशनलचे आणि प्रात्यक्षिकाचे गुण संस्थेच्या हातात असतात. जी मुलगी 'माझी फी माफ असताना तुम्ही घेतली' असे लेखी देईल, ती तोंडी परीक्षेला कोणासमोर बसेल? मुलींकडून फी घेणाऱ्या संस्थांवर कारवाई करू, असे मंत्री सांगतात आणि वर्तमानपत्रात ते छापून येते. आमच्या वाचनालयात ते कात्रण कोणीतरी फलकावर लावले होते. दुसऱ्या दिवशी नव्हते.

मागणी एकच आहे. कर्ज देताना बँक परतफेडीच्या तारखा लिहून घेते, तशा तुम्ही लिहून द्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला त्यात पंधरा दिवसांची मुदत आहे आणि आमच्या तहसीलमध्ये ती बहुतेक पाळली जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तशीच कॉलेजच्या टेबलाला तारीख द्या, मंजुरीच्या टेबलाला द्या, तिजोरीला द्या. टेबलावर अर्ज मुदतीपेक्षा जास्त पडला तर तो आपोआप पुढे सरकावा. अर्ज परत पाठवायचाच असेल तर कोणत्या कागदात काय खोट आहे ते मराठीत एका ओळीत लिहिल्याशिवाय पाठवता येऊ नये. आणि पहिला हप्ता हिवाळी परीक्षेच्या अर्जाआधी कॉलेजला पोचवा. ते जमणार नसेल, तर परीक्षा अर्जाचा आणि फीचा संबंध तोडा, आणि तोडल्याचे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला कळवा, कारण कॉलेजला कळवून काय होते ते वर लिहिले आहे. पैसे वाढवून द्या, असे मी कुठेही म्हटलेले नाही हे ध्यानात घ्यावे. जे द्यायचे तुम्ही कबूल केले तेवढेच, पण आमच्या कापसाच्या आधी.

ओटीपीचे मी मागत नाही. त्यावर तुमच्याकडे माझ्यापेक्षा हुशार माणसे आहेत, त्यांना एकदा धडगावला पाठवा म्हणजे झाले.

यंदाचे सांगते. दिवाळी होऊन गेली. अप्पांनी या वर्षी हट्ट धरला आहे की खेडा खरेदीला माल द्यायचा नाही. २०२५-२६ साठी हमीभाव लांब धाग्याला ८,११० आहे. पण तो मिळवायचा तर आता 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. फोन माझा, सातबारा अप्पांचा, ओटीपी अप्पांच्या बटणाच्या फोनवर. नोंदणी झाली आहे, पडताळणी व्हायची आहे. माझा तिसऱ्या वर्षाचा अर्जही भरून झाला आहे आणि त्याचीही छाननी सुरू आहे. सुट्टीला घरी गेले की आम्ही दोघे एकाच फोनवर आधी त्यांचे बघतो, मग माझे.

कापूस पुढच्या खोलीत रचला आहे, खिडकीपर्यंत. धाकटा भाऊ त्याच्या शेजारी झोपतो आणि सकाळी अंग खाजवत उठतो. आई रोज त्याला खोबरेल लावते आणि कापसाकडे बघते. परीक्षा अर्जाची खिडकी अजून उघडलेली नाही. ती उघडायच्या आत दोन्हींपैकी एक काहीतरी पुढच्या टेबलावर जावे, एवढे बघा.

आपली विश्वासू,
तृतीय वर्ष बी. फार्मची एक विद्यार्थिनी
ता. पारोळा, जि. जळगाव

ता. क. : गेल्या वर्षीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. अर्जाचा आयडी मागितल्यास कळवीन. पाठ आहे.